निर्णय बंदीच्या दिवसांत घ्या, वादळाच्या रात्री नको

बंदी चालू आहे. होड्या वर ओढल्यात, जाळी सांधायचं काम चाललंय. बंदरात शांतता आहे, पण घराघरांत नाही. इंजिनावर किती खर्च करायचा, डिझेलला पैसे कुठून आणायचे, खलाशांना आगाऊ किती द्यायचे, व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची का? रात्री सगळं डोक्यात फिरतं. झोप लागत नाही, सकाळी घरात चिडचिड. आम्हाला हे माहीत आहे, कारण आमच्याही घरी तेच आहे.

नेमक्या याच दिवसांत, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातला कापूसवालाही जागा असतो. पैनगंगेच्या काठचा जैनद, बेला, तामसीचा भाग, आणि नदीपलीकडे आपला यवतमाळ. घरात मराठी बोलणारी पुष्कळ कुटुंबं. काळी जमीन आणि पावसावरची शेती. हा पट्टा शेतकरी आत्महत्यांमुळे बातम्यांत येतो. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. सवलती मिळतील तेव्हा मिळतील, पण शेतकरी जे सोसून शिकला ते आपण आजच घेऊ शकतो.

आमचं मत सरळ आहे. कष्टाने माणूस थकतो, पण झोप उडते ती न ठरलेल्या गोष्टींमुळे.

पेरणीचंच बघा. पहिला पाऊस पडला, शेजाऱ्याने पेरलं, म्हणून आपणही पेरलं. पुढे पावसाने ओढ दिली की बियाणं गेलं. मग दुबार पेरणी आणि दुबार कर्ज. म्हणून कृषी विद्यापीठं सांगतात, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. गुलाबी बोंडअळीचंही तसंच. भीतीपोटी फवारत सुटलं की पैसा जातो आणि जीवही धोक्यात येतो. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली. त्यावर शास्त्रज्ञांचा नियम आहे: शेतात कामगंध सापळे लावा, सलग तीन रात्री सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग आले तरच फवारणीचा विचार करा. रोज उठून "फवारू की नको" हा घोर नाही. सापळा मोजायचा, बस.

जिथे असं आधी ठरलेलं नसतं तिथे काय होतं, ते कापूस विकताना दिसतं. सीसीआय हमीभावाने कापूस घेते, पण ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापते आणि १२ टक्क्यांच्या वर घेतच नाही. भरलेली गाडी घेऊन आदिलाबादच्या यार्डात उभं राहिल्यावर ओलावा जास्त निघाला, तर गाडीभाडं चालू, मागे रांग, समोर खाजगी व्यापारी पडत्या भावात मागतोय. अशा वेळी घेतलेला निर्णय खरं तर निर्णयच नसतो, ती शरणागती असते. बर्फ वितळत असताना बंदरावर लिलावाला उभ्या राहिलेल्या नाखव्याला हे वेगळं सांगायला नको.

यात हुशारी कमी पडते असं नाही. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात तामिळनाडूच्या ऊस शेतकऱ्यांचा एक अभ्यास आला. तेच शेतकरी, तीच माणसं. कापणीआधी हात तंगीत असताना त्यांची डोकं चालवायच्या चाचण्यांत कामगिरी कमी पडली, कापणीनंतर पैसा आल्यावर सुधारली. म्हणजे तंगी माणसाला वेडं करत नाही, पण डोक्यातली जागा खाते. म्हणून मोठे निर्णय तंगीत किंवा घाईत घेऊ नयेत, आधी घेऊन ठेवावेत.

आमची सूचना अशी. होडी पाण्यात जाण्याआधी एका संध्याकाळी नाखवा, तांडेल आणि घरची बाई, तिघांनी एकत्र बसा. घरची बाई हवीच, कारण मासळीचा भाव आणि घरातली उधारी दोन्ही तिलाच नीट माहीत असतात. एका कागदावर चार गोष्टी लिहा:

१. तीन नंबरचा बावटा लागला किंवा हवामान खात्याचा इशारा आला की होडी जाणार नाही. त्या दिवशी वाद नाही.
२. सलग किती फेऱ्यांत डिझेल-बर्फाचा खर्च निघाला नाही तर थांबायचं आणि हिशोबाला बसायचं. आकडा तुमचा, पण आधी लिहिलेला.
३. यंदा जास्तीत जास्त उचल किती. त्यापुढे घ्यायची वेळ आली तर आधी सोसायटीत बोलायचं.
४. भाव पडला तर किती माल सुकवायचा, किती विकायचा.

"समुद्र कागदावर चालत नाही," असं जुने तांडेल म्हणतील. खरं आहे. पण कागद समुद्राला नाही, आपल्याला आवरायला आहे. आणि त्यावरचे आकडे तांडेलाच्याच अनुभवातून यायचेत.

हेही स्पष्ट सांगतो: कागदाने डिझेल स्वस्त होणार नाही, एलईडीवाल्यांची बेकायदा मासेमारी थांबणार नाही. आदिलाबादच्या शेतकऱ्यालाही सापळ्याबरोबर रास्त भाव लागतोच. ती भांडणं सोसायटीने भांडायची आहेत आणि आम्ही भांडू. पण सगळ्याचं ओझं एकट्या नाखव्याने रात्री उशाशी घेऊन झोपायचं, हे बंद झालं पाहिजे.

आणि कुणाला फारच जड झालं, जगणं नको वाटलं, तर गप्प राहू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. शेजारच्या घरात कुणी बोलेनासं झालं असेल तर तुम्ही जाऊन बसा. होडी अडकली की आपण सगळे दोराला हात लावतो. माणसालाही लावू या.

नारळी पौर्णिमेच्या आधी तो कागद लिहा. अडलं तर सोसायटीत या, बसून लिहू.