आजीचे माहेर

आम्ही खडकीकर. ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई, बापू गोखले, सारे तोंडपाठ. पण सख्ख्या आजीचे माहेरचे नाव? हसाल तुम्ही, ठाऊक नाही! आमच्या कुलमंडळाच्या महिला शाखेत नाव नोंदवताना ही फजिती झाली. छापील कुलवृत्तांतात पुरुषांच्या सात पिढ्या. आजी नुसती ‘पत्नी लक्ष्मी’, आणि तेही लग्नात तांदळात लिहिलेले नाव! म्हणून तर शाखेतल्या बायकांनी निराळी वही काढली आहे: माहेरचे नाव, आडनाव, गाव.

नव्वदीतल्या आत्याबाईंना विचारले. त्यांना आईची जात्यावरची ओवी आठवली. तीत भावाचे गाव यायचे. “चिपळूण गं!” त्या एकदम म्हणाल्या. तेवढे लिहून आले. पहिले दोन रकाने अजून कोरेच आहेत.