राजा परवडला, पण प्रशासक नको!

मीरा-भाईंदरमध्ये एक वाक्य सर्रास ऐकू येतं: "नगरसेवक नव्हते तेव्हाच बरं होतं. साहेब एकटे होते, पण कामं होत होती." सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते ऐकलं तर आम्हाला नवल वाटत नाही. पण आपल्या वस्त्यांतली शिकलेली पोरंही तेच बोलू लागली आहेत, म्हणून हे लिहावं लागतंय.

ऑगस्ट २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली. संविधानाचा अनुच्छेद २४३-यू स्पष्ट सांगतो: मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. आपल्याकडे मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. कधी ओबीसी आरक्षणाचं कारण, कधी प्रभागरचनेचं. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, तरी नवं वर्ष उजाडलं.

मधली तीन वर्षांहून जास्त आयुक्त हेच प्रशासक. ९५ नगरसेवकांची महासभा तेच आणि स्थायी समितीही तेच. अंदाजपत्रक त्यांनीच तयार करायचं, त्यांनीच स्वतःपुढे ठेवायचं आणि त्यांनीच मंजूर करायचं. २०११ च्याच जनगणनेत आठ लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहराची अशी तीन अंदाजपत्रकं झाली.

एवढी मोकळीक इंग्लंडच्या राजालाही नाही. पहिल्या चार्ल्सने १६२९ पासून अकरा वर्षं संसद न बोलावता कारभार केला, कर लावले. त्यातून पेटलेल्या संघर्षात १६४९ मध्ये त्याचं डोकं उडालं. १७०८ नंतर तिथल्या एकाही राजा-राणीने संसदेने मंजूर केलेलं विधेयक नाकारलेलं नाही. तिथला राजा मुकुट घालतो, पण भाषण मंत्र्यांनी लिहिलेलं वाचतो. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी हेच समजावलं होतं: आपल्या राष्ट्रपतीचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं, तो राज्याचा प्रमुख, पण कार्यकारी सत्तेचा नाही. म्हणजे देशाच्या सर्वोच्च खुर्चीलाही आपण लोकांच्या प्रतिनिधींच्या सल्ल्याने बांधलं. मग महापालिकेतली खुर्ची मोकळी कशी सुटली?

प्रश्न अधिकारी चांगला की वाईट हा नाहीच. सत्तेला अधिमान्यता कुठून मिळते, हा आहे. कामं झाली म्हणून सत्ता वैध होत असेल, तर ब्रिटिशांनीही रेल्वे आणली होती!

"राजा चांगला असेल तर काय बिघडलं?" असं विचारणाऱ्यांनी छत्रपती शाहू महाराजांकडे बघावं. त्यांच्याइतका चांगला राजा कुठला दाखवणार? २६ जुलै १९०२ ला त्यांनी मागासलेल्यांसाठी ५० टक्के जागा राखल्या. पण तोच राजा मार्च १९२० मध्ये माणगाव परिषदेत म्हणाला की तुम्हाला तुमचा पुढारी आंबेडकरांच्या रूपाने मिळाला आहे. माझ्यावर विसंबून राहा, असं तो म्हणाला नाही. त्याच्या आदल्याच वर्षी साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी मताधिकार आणि स्वतःचे प्रतिनिधी मागितले होते. कारण हुकमाने मिळालेलं हुकमाने जातंही. हक्क संविधानात लिहिलेला असेल तर तो मागायला दरबारात जावं लागत नाही.

आता आपल्या वस्तीचा हिशोब मांडा. सभागृह नसलं की अनुसूचित जातींच्या राखीव जागाही नसतात आणि महिलांच्या निम्म्या जागाही नसतात. तीन वर्षांहून जास्त काळ या शहरात आपला एकही निवडून आलेला माणूस नव्हता आणि त्याबद्दल एक मोर्चा निघाला नाही. काशिमीऱ्याच्या जनता नगर आणि काशीचर्चमधली बीएसयूपीची घरं आधीच्या निवडून आलेल्या सभागृहांच्या काळातही रखडली, हे खरं. पण तेव्हा भर सभेत जाब विचारायला जागा तरी होती. प्रशासकाच्या केबिनबाहेर फक्त चिठ्ठी देता येते.

नगरसेवक पैसे खातात, ही तक्रार आम्हीही करतो. पण नगरसेवकाला पाच वर्षांनी आपण घरी बसवू शकतो. प्रशासकाची बदली मंत्रालय करतं, आपण नाही. चोर पकडायचा म्हणून कोणी घराचा दरवाजाच काढून टाकत नाही.

आता सभागृह आलंय म्हणून गप्प बसायचं नाही. प्रशासक काळातले सगळे ठराव आणि तिन्ही अंदाजपत्रकं माहिती अधिकारात मागवा. आपल्या वस्तीच्या नावावर किती निधी दाखवला आणि किती खर्च झाला, ते तपासा. ते ठराव महासभेत चर्चेला घ्या, असं पत्र आपापल्या प्रभागातल्या प्रत्येक नगरसेवकाला द्या. पक्ष कोणताही असो.

राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला दिला होता. तो नेत्यांच्या भक्तांना जसा लागू आहे, तसाच 'साहेबां'च्या भक्तांनाही. संविधानाची सुरुवात 'आम्ही' या शब्दाने होते. तिथे कुठल्याही साहेबाचं नाव नाही.

जय भीम! जय संविधान!