केसांचे प्रतीक आणि केसांचे काम

आफ्रिकन अमेरिकन साहित्याविषयी मराठीत जे बोलले आणि लिहिले जाते, त्यात केसांचा विषय निघाला की तो ठरलेल्या दोन खणांपैकी एकात टाकला जातो. केस सरळ करून घेणारे पात्र म्हणजे गोऱ्यांच्या सौंदर्यकल्पनेला शरण गेलेले, आणि केस उगवतील तसे ठेवणारे पात्र म्हणजे स्वत्व गवसलेले. विद्यार्थी हे समीकरण पाठ करतात, प्रबंधात त्याचे प्रकरण होते, परिसंवादात त्यावर माना डोलतात. आमचा या समीकरणाला विरोध आहे. ते साफ खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ते आयते आहे, आणि आयते असल्यामुळेच ते वाचकाला संहितेतल्या ओळीच्या ओळी ओलांडून थेट निष्कर्षावर नेऊन सोडते. केस हे प्रतीक होण्यापूर्वी काम असतात. ते धुवावे लागतात, त्यांचा गुंता सोडवावा लागतो, त्यांना तेल लावावे लागते, ते गुंफावे लागतात. हे काम ज्याला ठाऊक नाही, त्याला या साहित्यातले केस वाचता येत नाहीत, असे आमचे म्हणणे आहे.

सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या माल्कम एक्सच्या आत्मचरित्रात, बॉस्टनमध्ये तरुणपणी त्याने प्रथम केस सरळ करून घेतल्याचा प्रसंग आहे. त्या प्रसंगाच्या शेवटी तो स्वतःला हीन लेखल्याबद्दल स्वतःवरच जो कठोर निवाडा देतो, तेवढाच सर्वत्र सांगितला जातो. निवाड्याआधी त्याने काय लिहून ठेवले आहे? दुकानातून आणलेल्या सामानाची यादी. कॉस्टिक सोड्याचा डबा, दोन अंडी, दोन बटाटे, व्हॅसलिन, साबण, फण्या, रबरी नळी, रबरी हातमोजे. मग शॉर्टी हा मित्र ते मिश्रण बरणीत कसे कालवतो, बरणी बाहेरून हाताला कशी गरम लागते, डोक्याला, मानेला आणि कानांना व्हॅसलिनचा थर कसा दिला जातो, सोडा लागताच डोके कसे पेटते, आणि कुठे अजून चुरचुरते ते सांग म्हणत शॉर्टी पुन्हा पुन्हा कसा धुवत राहतो, हे सारे तपशिलाने येते. यातली प्रत्येक वस्तू कामाची आहे. व्हॅसलिन कातडी वाचवण्यासाठी, मोजे हात वाचवण्यासाठी, नळी आणि साबण सोड्याचा कणही मागे राहू नये यासाठी. म्हणजे ज्या कृतीला माल्कम पुढे अपमान ठरवतो, ती कृती एका मित्राने अतिशय काळजीने पार पाडलेली आहे. निवाड्याला जी धार आहे ती या काळजीमुळे आहे. कृती गाळून निवाडा तेवढा शिकवणारा शिक्षक माल्कमचे पान अर्धेच शिकवतो.

आता या कामाची थोडी ओळख करून घेणे भाग आहे. घट्ट वळणांचा केस आडवा छेदून पाहिला तर तो गोल नसून चपटा, लंबवर्तुळाकार असतो. डोक्याच्या कातडीतून पाझरणारे तेल सरळ केसावरून सहज खाली ओघळते; मळसूत्रासारख्या वळणांवरून ते टोकापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे हे केस मुळात कोरडे असतात, आणि प्रत्येक वळण ही तुटण्याची एक जागा असते. घरोघरीचे सारे नियम या दोन गोष्टींतून निघालेले आहेत. न्हाणे आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा. कोरड्या केसांत फणी घालायची नाही. केस ओले करून, कंडिशनर लावून, डोक्याचे चार-सहा भाग पाडून, रुंद दातांच्या फणीने किंवा नुसत्या बोटांनी टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवत जायचे. अंगची ओल उडून जाण्यापूर्वी वरून क्रीम वा तेल लावायचे. मग दोन पदरी पीळ किंवा वेण्या घालायच्या, आणि रात्री डोक्याला सॅटिनची टोपी घालायची, कारण सुती अभ्रा ओल शोषून घेतो आणि केसाला घासतो. वेण्या फार घट्ट ओढल्या तर कपाळाच्या कडेचे आणि कानशिलांचे केस गळतात, आणि ताण वर्षानुवर्षे चालू राहिला तर ते परत येत नाहीत. या साऱ्याला एक अख्खा दिवस लागतो. रोज सकाळी तेलाचा हात फिरवून दोन मिनिटांत वेणी घालून मोकळ्या होणाऱ्या आपल्याकडच्या वाचकाला हा दिवस आपोआप दिसणार नाही. तो त्याला दाखवावा लागतो.

रसायनाने सरळ केलेल्या केसांचे काम याहून जोखमीचे. तापवलेली धातूची फणी केसातले दुबळे बंध तेवढे मोडते. पाणी, घाम वा धुके लागताच केस मूळ वळणावर येतो. रिलॅक्सर म्हणून ओळखले जाणारे रसायन मात्र गंधकाचे भक्कम बंध तोडते. त्याचा सामू १२ ते १४ च्या आसपास, म्हणजे कातडी जाळण्याइतका असतो. त्याने झालेला बदल कायमचा. पण मुळाशी नवा केस वळणाचाच उगवतो. म्हणून दर सहा-आठ आठवड्यांनी फक्त त्या नव्या केसाला रसायन लावायचे. जुन्यावर पुन्हा लागले तर केस तुटतो. आधीचे एक-दोन दिवस डोके खाजवायचे नाही, कारण नखाच्या ओरखड्यावर रसायन पडले तर जखम होते. घड्याळ समोर ठेवायचे, भरपूर पाण्याने धुवायचे, मग आम्लधर्मी शाम्पूने क्षार मारायचा. नवा केस आणि जुना केस जिथे मिळतात, ती जागा सर्वांत नाजूक. सरळ केसांकडून वळणाच्या केसांकडे परतणाऱ्या बाईला कित्येक महिने डोक्यावर हे दोन स्वभाव एकत्र सांभाळावे लागतात, किंवा कात्रीने एकदाच सोक्षमोक्ष लावावा लागतो.

हे प्रसाधनाच्या पानावर शोभेल, समीक्षेत कशाला, असे कोणी म्हणेल. त्याने टोनी मॉरिसनची 'साँग ऑफ सॉलोमन' (१९७७) उघडावी. मिल्कमनला आपले केस आवडत नाहीत या ध्यासाने खचलेली हेगर नवे कपडे आणि प्रसाधने विकत घेते, केस करून घेते, आणि घरी परतताना पावसात सापडते. मखमली सौंदर्याचा हा लगदा तिला दिसतो तो आरशात नव्हे, आपल्या माणसांच्या डोळ्यांत. समीक्षक इथे पावसाला नियती वगैरे म्हणून मोकळे होतात. तो काळ केस सरळ करण्यासाठी तापल्या फणीचा होता, हे माहीत असलेल्या वाचकाला वेगळेच कळते. विकत घेतलेले ते रूप पाणी लागेपर्यंतच टिकणारे होते, आणि त्या समाजातल्या प्रत्येक बाईला हे पाठ होते. मॉरिसनने पाऊस तिथून उचललेला आहे.

झोरा नील हर्स्टन यांच्या 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' (१९३७) या कादंबरीचेही तेच. नवऱ्याने सक्तीने बांधायला लावलेले डोक्याचे फडके त्याच्या मृत्यूनंतर जेनी जाळते. हा प्रसंग मुक्तीचा म्हणून प्रत्येक वर्गात सांगितला जातो. पण पुढे टी केक हा प्रियकर तिचे केस विंचरतो, तिच्या डोक्यातला कोंडा काढतो, ही जागा कोणी सांगत नाही. फडके जाळणे प्रतीकात बसते, कोंडा बसत नाही. एरवी बायाबायांत चालणारे हे काम एक पुरुष करू लागतो, आणि जेनीच्या आयुष्यात प्रेम काय आहे ते त्या कोंड्यातून जितके कळते तितके जाळलेल्या फडक्यातून कळत नाही.

हेन्री लुई गेट्स यांच्या 'कलर्ड पीपल' (१९९४) या आठवणींत आईचे स्वयंपाकघर येते. शेगडीवर फण्या तापत आहेत, जळक्या केसांचा वास पसरला आहे, बाया पाळीपाळीने बसल्या आहेत. आणि 'किचन' या शब्दाचा दुसरा अर्थही तिथेच येतो: मानेच्या वर, सदऱ्याची कॉलर टेकते तिथले, कशालाही दाद न देणारे घट्ट वळणांचे केस. एकाच शब्दात काम करण्याची जागा आणि कामाला न बधणारी जागा. मराठीत याला प्रतिशब्द नाही, हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु प्रतिशब्द नाही हे कळण्यासाठीसुद्धा ते काम ठाऊक असावे लागते.

इथे अनुवादाचा प्रश्न येतो, आणि तो क्षुल्लक नाही. आपला 'कुरळे' हा शब्द कौतुकाचा आहे. कपाळावर रुळणाऱ्या बटा त्यात दिसतात. 'राठ' आणि 'झिंज्या' यांत तिरस्कार आहे. घट्ट वळणांच्या केसांना यांपैकी कोणताही शब्द लावला की कादंबरीतला निम्मा झगडा एक तर गोड होतो किंवा शिवी होतो. त्याहून घातक म्हणजे 'जट'. पीळ देऊन, धुऊन, मुळाशी पुन्हा वळवून निगुतीने राखलेल्या लॉक्सना 'जट' म्हटले, की मराठी वाचकाच्या मनात यल्लमा, देवाला सोडलेली मुलगी आणि ती जट कापण्यासाठी कार्यकर्त्यांनी दिलेले लढे उभे राहतात. महाराष्ट्रात जट सोडवणे हे मुक्तीचे काम ठरले. तिकडे लॉक्स राखण्याच्या हक्कासाठी लोक न्यायालयात गेले. एका शब्दाने दोन्ही इतिहास उलटेपालटे होतात.

आमच्यावर घेतला जाणारा सर्वांत वजनदार आक्षेप असा: केसांचे राजकारण खरे आहे, आणि कामाच्या तपशिलात ते बुडून जाईल. राजकारण खरे आहेच. १७८६ साली लुइझियानाच्या स्पॅनिश गव्हर्नरने कृष्णवर्णीय स्त्रियांना केस झाकण्याचा हुकूम काढला. १९८१ साली एका विमान कंपनीतल्या कर्मचारी स्त्रीचा डोक्यालगतच्या वेण्या घालण्याचा हक्क अमेरिकी न्यायालयाने नाकारला. केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा राज्याचा पहिला कायदा कॅलिफोर्नियाने केला तो २०१९ साली. पण हे राजकारण कुठे भोगले जाते? चिमामांडा न्गोझी अदिची यांच्या 'अमेरिकाना'त (२०१३) इफेमेलू नोकरीच्या मुलाखतीसाठी वेण्या सोडते, रिलॅक्सर लावून घेते, डोक्यावर खपल्या धरतात, केस गळू लागतात, शेवटी मैत्रीण ते कापून टाकते. ती नोकरीसाठी शरण गेली, असे म्हणून मोकळे होणाऱ्याला त्या खपल्या दिसत नाहीत. २०२२ साली अमेरिकेतल्या ३३,४९७ स्त्रियांच्या दीर्घकालीन पाहणीत, केस सरळ करण्याची रसायने वर्षातून चारपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळले. पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. तरी प्रश्न गंभीर आहे. काम जाणून घेणे म्हणजे कामाचे गोडवे गाणे नव्हे. त्यातली इजा मोजण्यासाठीही ते जाणून घ्यावे लागते. आणि राहता राहिला प्रश्न शरणागतीचा: आठ आठवड्यांनी मुलीच्या डोक्याला व्हॅसलिन लावून घड्याळाकडे डोळे लावून बसणारी आई त्या मुलीला उद्याच्या जगात कमी मार बसावा म्हणून बसलेली असते. तिला गुलाम मनोवृत्तीची म्हणणे समीक्षकाला स्वस्त पडते, कारण त्याला कोणी केसांवरून नोकरी नाकारलेली नसते.

शेवटचा मुद्दा आपल्या घरचा. 'गुलामगिरी' (१८७३) अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण झाली; १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले. हे नाते आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावेच. पण 'आयदान' (२००३) शिकवताना बांबूचे विणकाम ठाऊक नसेल तर पुस्तक हाती लागत नाही, हे प्रत्येक चांगला शिक्षक जाणतो. उर्मिला पवारांनी आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांचा सांधा स्वतःच दाखवून दिला आहे. आयदानाला जी मोकळीक, जो आदर आपण देतो, तो मॉरिसन आणि हर्स्टन यांच्या फणीला का देत नाही? नाते सांगायचे आणि त्या घरातले काम मात्र माहीत करून घ्यायचे नाही, ही सोयरीक वरवरची आहे.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. ज्या वर्गात या साहित्यातल्या केसांवर प्रश्न विचारला जातो, तिथे 'हे केस कशाचे प्रतीक आहेत' या प्रश्नाच्या आधी तीन प्रश्न विचारले जावेत: हे केस कोणी विंचरले, कशाने, आणि त्याला किती वेळ लागला? त्यांची उत्तरे संहितेत शोधावी लागतात आणि बहुतेक वेळा सापडतात. प्रतीकाची चर्चा त्यानंतर खुशाल करावी.