तक्रारीची किंमत कोणी मोजावी?

मुलीची बदनामी करण्याचा उद्योग गावाला नवा नाही. निनावी पत्र धाडणे, एस.टी. थांब्याच्या भिंतीवर कोळशाने नाव लिहिणे, हे प्रकार मागच्या पिढीनेही पाहिले आहेत. मात्र त्या उद्योगाला थोडा तरी खर्च होता. रात्री चोरून बाहेर पडावे लागे, अक्षर ओळखले जाण्याची धास्ती असे, आणि सकाळी कोणी भिंतीला चुना फासला की प्रकरण बहुधा तेथेच मिटे. आज हा खर्च जवळजवळ शून्यावर आला आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओचे आगमन झाले आणि इंटरनेटचे दर कोसळले. मार्च २०२० मध्ये महासाथीने शाळा बंद पडल्या, तेव्हा मुलांच्या हाती फोन द्यायचा नाही असे ठरविलेल्या घरांनाही अभ्यासापायी तो घ्यावा लागला. गोंदिया जिल्ह्यातील गोरेगावसारख्या धानपिकाच्या तालुक्यात हा खर्च सोपा नव्हता. तरीही तो केला गेला. त्या फोनबरोबर घरात आणखी काय आले, याचा हिशेब मात्र अद्याप कोणी नीट मांडलेला नाही.

अर्थव्यवहारात एकाने कृती करावी आणि तिचा भुर्दंड दुसऱ्याने भरावा, असे घडते तेव्हा ती कृती बेसुमार वाढते. फोनवरील छळाचे नेमके हेच झाले आहे. बनावट खाते काढणे, वर्गातील मुलीच्या छायाचित्राला दुसऱ्याचे शरीर जोडणे, ते ग्रुपवर टाकणे ही सारी कामे काही मिनिटांची. जानेवारी २०२२ मध्ये मुस्लिम महिलांचा ‘लिलाव’ मांडणाऱ्या ‘बुली बाई’ प्रकरणाचा छडा मुंबई पोलिसांनी लावला, तेव्हा पकडलेल्यांत अठरा आणि एकवीस वर्षे वयाची मुले निघाली. कसलेले गुन्हेगार नव्हेत, विद्यार्थी. महानगरात अशा मजकुराचा प्रेक्षक बहुतांशी अनोळखी असतो. तालुक्याच्या गावी तसे नाही. तेथे दहा माणसांनी पाहिले तरी पुरते, कारण ती दहाही माणसे मुलीच्या वडिलांना ओळखत असतात.

असे असूनही तक्रार होत नाही. भित्रेपणाचा दोष मुलींना देणे सोपे आहे, पण तो अन्याय ठरेल. अकरावीतील मुलगी घरी सांगावे की न सांगावे याचा विचार करते, तेव्हा तिच्यापुढे एक रोकडा हिशेब असतो. सांगितले तर पहिल्या दिवशी फोन जाईल, दुसऱ्या दिवशी कॉलेज बंद होईल आणि रोवणी आटोपताच सोयरीक पाहण्यास प्रारंभ होईल. छळणाऱ्याचे काय होईल हे अनिश्चित. स्वतःचे काय होईल हे निश्चित. मग ती गप्प बसते. धमकी देणाऱ्याचे खरे भांडवल ते छायाचित्र नसून ही घरची भीती आहे, आणि हे भांडवल त्याला आईवडीलच, अजाणता का होईना, पुरवीत असतात. मुलींनी शिकावे म्हणून शासन त्यांना एस.टी.चा मोफत पास देते, मानव विकास कार्यक्रमातून बसगाड्या चालविते. एका बनावट खात्याने हा सारा खर्च पाण्यात जावा, हे कोणत्या हिशेबात बसते?

तेव्हा पालकांनी करावयाची पहिली गोष्ट तंत्रज्ञानाची नाहीच. ‘काहीही घडले तरी तुझे शिक्षण थांबणार नाही आणि फोनही काढून घेतला जाणार नाही,’ असे वचन त्यांनी संकट येण्यापूर्वीच द्यावयास हवे. मुलांनाही त्याची तितकीच गरज आहे. मुलीच्या नावाने मैत्री करून, नको ते चित्रण मिळवून पैसे उकळणाऱ्यांच्या जाळ्यात मुलगे सापडतात, आणि ‘पुरुषासारखा पुरुष’ म्हणून ते तर अधिकच मुके राहतात.

कायदा नाही, ही समजूत मात्र खोटी आहे. ती पसरण्यास एक कारण घडले. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर मत नोंदविल्यावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. तेथून पेटलेल्या वादाची अखेर २४ मार्च २०१५ रोजी झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले. ते योग्यच झाले. इतके ढिसाळ कलम सज्जनांवरच उलटते. पण उरलेली कलमे जागेवरच आहेत. खासगी चित्रण पसरविल्यास ६६-ई, आणि अठरा वर्षांखालील मुलांचे अश्लील चित्रण असल्यास ६७-ब लागू होते. या दुसऱ्या कलमाखाली ते पुढे पाठविणाराही गुन्हेगार ठरतो, हे ‘मी फक्त फॉरवर्ड केले’ म्हणणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार खऱ्या वा बनविलेल्या चित्रणाची नुसती धमकी देणे हाही गुन्हा होऊ शकतो. शिवाय मुलाचा जबाब पोलिसांनी गणवेश न घालता, त्याच्या घरी वा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यावयाचा असतो. गावात बोभाटा होईल ही भीती कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होती, असे दिसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कोठेही घडो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते; ‘जिल्ह्याला सायबर शाखेत जा’ म्हणून कोणाला परत पाठविणे त्यात बसत नाही. केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व मुलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे.

परंतु यापूर्वीच एक घोटाळा होतो. लाजेने वा संतापाने सारे संदेश पुसले जातात, सिमकार्ड मोडले जाते. म्हणजे पुरावाच नाहीसा होतो. आधी स्क्रीनशॉट घ्यावा, त्या खात्याचा पत्ता, तारीख, वेळ उतरवून ठेवावी. मग खुशाल ब्लॉक करावे. पैसे देऊ नयेत, कारण एकदा दिलेली रक्कम दुसरीची मागणी घेऊनच येते. विलंबही करू नये. काढून टाकलेल्या मजकुराची माहिती कंपन्यांनी १८० दिवस जपून ठेवावी, असे २०२१ चे नियम सांगतात. परीक्षा संपेपर्यंत थांबणाऱ्यांच्या हातून ही मुदत सहज निसटते.

शाळांविषयी फार बोलण्यासारखे नाही. ‘सखी सावित्री’ समित्या नेमण्याचा शासननिर्णय २०२२ चा; २०२४ मधील बदलापूरच्या घटनेनंतर त्याची पुन्हा आठवण करून द्यावी लागली, यातच सारे आले.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली, तेव्हापासून तसा कायदा येथेही हवा, असा सूर निघू लागला आहे. पण जेथे घरभर मिळून एकच फोन, सिम वडिलांच्या नावावर आणि खाते थोरल्या भावाने काढलेले, तेथे मुलाचे वय तपासणार कोण? आणि छळ करणारा कोठून तरी परग्रहावरून येत नाही. तोही शेजारच्या गल्लीत, कोणाच्या तरी घरात रात्री अकरापर्यंत फोन घेऊन बसलेला असतो. मुलीचा फोन तपासण्यास सारे घर धावते. मुलाच्या फोनमधील ग्रुपवर काय चालते, हे विचारणारा बाप अजून विरळाच आढळतो.