शकुंतलेची अंगठी

दिवाळीची सुटी लागली, की अंगणात चिखल कालवून किल्ला उभा करायचा, उतारावर अळीव पेरायचे, कुंभाराकडचे मावळे बुरुजांवर ठेवायचे आणि सर्वांत वर महाराजांना बसवायचे, हा मराठी मुलांचा पिढीजात उद्योग आहे. त्यात वडिलांनी फार रस घेतला, तर मात्र शेजारीपाजारी गालातल्या गालात हसतात. खेळ मुलांनी खेळायचा आणि मोठ्यांनी नुसता पाहायचा, अशी आपली समजूत! वाचकहो, ही समजूत शंभराहून अधिक वर्षे खोटी पाडणारी एक जमात जगात आहे. ती म्हणजे छोट्या आगगाड्या करणाऱ्यांची.

लंडनमध्ये अशा छांदिष्टांनी १९१० साली ‘मॉडेल रेल्वे क्लब’ काढला. अशा मंडळांत तो जगातील सर्वांत जुना समजला जातो. त्याच्या सभासदांनी किंग्ज क्रॉस स्थानकाच्या उत्तरेकडील वस्ती, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात होती तशी, फुटाला दोन मिलिमीटर या प्रमाणात उभारायला घेतली. काम वर्षानुवर्षे चालले. घरांच्या ओळी, पूल, बोगदे आणि बाजारातला घड्याळाचा मनोरासुद्धा! जे लंडन काळाने पुसले, ते या मंडळींनी फळीवर परत आणले.

अमेरिकेत एम. आय. टी. या प्रसिद्ध संस्थेतील विद्यार्थ्यांनी १९४६ साली असाच क्लब सुरू केला. काही मुले डबे रंगवण्यात रमली, तर काही फळीखालच्या तारांच्या गुंत्यात. ही दुसरी टोळी पुढे संगणकाकडे वळली, आणि आज वर्तमानपत्रांत नित्य दिसणारा ‘हॅकर’ हा शब्द तिच्याच बोलीतून संगणकाच्या जगात शिरला. खेळातून काय निघेल, याचा नेम नसतो.

आपल्याकडेही हे वेड अगदीच अपरिचित नाही. पुण्याच्या भाऊ जोशी यांनी ते जन्मभर जोपासले आणि १ एप्रिल १९९८ रोजी कोथरूडमध्ये छोट्या रेल्वेचे संग्रहालय उघडले. कथाकार जी. ए. कुलकर्णी यांच्या नावाच्या रस्त्यावर ते आहे, ही गोष्ट मराठीच्या प्राध्यापकाला सुखावणारी. तिथे वाफेचे इंजिन धावते, डोंगर चढणारी दातेरी रुळांची गाडी आहे, लोंबकळत जाणारी गाडी आहे, शिवाय सर्कसही आहे. भाऊ गेले, पण घरच्यांनी गाड्या थांबू दिल्या नाहीत. मात्र असे भाग्य प्रत्येक छंदाला लाभत नाही. एकट्याचा छंद बहुधा त्याच्याबरोबरच माळ्यावर जातो. मंडळ असले, की एकाच्या हातातले काम दुसरा पुढे नेतो.

हे सारे मी घरी रंगवून सांगितले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी एकच प्रश्न केला. “अहो, खेळण्यातल्या गाडीवर एवढा खर्च कशाला? स्टेशनवर जा आणि खरी बघा की फुकट!”

प्रश्न बिनतोड होता. पण आम्ही राहतो लोहाऱ्याला, यवतमाळला लागून. आणि जिला आम्ही आपली गाडी म्हणत आलो, ती शकुंतला स्टेशनवर जाऊन बघायची सोय आता राहिलेली नाही.

मूर्तिजापूर ते यवतमाळ हा ११३ किलोमीटरचा अरुंद मार्ग १९०३ साली सुरू झाला, तो वऱ्हाडच्या कापसासाठी. इथला कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जाई. पुढे १९२१ साली त्याच मँचेस्टरमध्ये बांधलेले इंजिन शकुंतलेला लाभले आणि त्याने १९९४ पर्यंत चाकरी केली. मग डिझेल आले, आणि काही वर्षांपूर्वी गाडीच थांबली. देशातल्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी या मार्गाची मालकी खाजगी कंपनीकडेच राहिली होती, ही तिच्या कुंडलीतली आणखी एक गंमत.

आता थोडे गणित. छोट्या गाड्यांचे सर्वांत लोकप्रिय प्रमाण आहे एकास सत्त्याऐंशी. त्यातले रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतराचे असतात, कारण ते युरोपातल्या रुळांवरून बेतलेले. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. तो या प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटर भरतो, म्हणजे बाजारातल्या रुळांवर आपली मेल गाडी ठेवायची तर लबाडी करणे आले. पण शकुंतलेचा मार्ग ७६२ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागा, पावणेनऊ येतात. आणि नऊ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात! मोठ्या गाड्यांना जे जमत नाही, ते आमच्या गरीब गाडीला फक्त पाव मिलिमीटरच्या फरकाने जमते.

सगळा मार्ग या प्रमाणात करायचा तर फळी जवळजवळ तेराशे मीटर लांब लागेल. म्हणून निवड करावी लागते. एकच स्टेशन घ्यावे, दारव्हा म्हणा किंवा कारंजा. साडेतीनशे मीटरचे आवार चार मीटरांत बसते, म्हणजे एका खोलीत. मात्र खरी अडचण इथेच सुरू होते. फलाटावरचे झाड कुठे होते? दाराचा रंग कोणता? कापसाच्या गाठी कोणत्या बाजूने चढत? हे पुस्तकात सापडणे कठीण. ते सापडेल त्या गाडीवर काम केलेल्या आणि त्या गाडीने शाळेला गेलेल्या माणसांच्या डोक्यात, आणि ती माणसे आता थकत चालली आहेत.

कालिदासाच्या शकुंतलेला दुष्यंत विसरला. माशाच्या पोटातली अंगठी समोर आली, तेव्हा त्याला आठवले. आमच्या शकुंतलेची अंगठी आम्हीच घडवायची आहे, आणि सोनार अजून हयात आहेत तोवर घडवायची आहे. म्हणून माझी एक सूचना आहे. यंदा वऱ्हाडातल्या मुलांनी किल्ल्याच्या पायथ्याशी चिखलाचे एक स्टेशन करावे. शिडशिडीत काड्यांचे रूळ चालतील, काडेपेट्यांचे डबे चालतील. पण त्याआधी आजोबांना अंगणात खुर्ची टाकून बसवावे आणि सिग्नल कुठे होता ते विचारावे. आजोबा एकदा सांगू लागले आणि शेजारचे आजोबा “छे, छे, पलीकडच्या बाजूला!” म्हणून वाद घालू लागले, की मंडळ स्थापन झाले असे समजावे.