लहान पक्ष्याची लांब रात्र

तुळशीची लग्नं लागली की आमच्या कार्यालयातला फोन खणखणू लागतो. निफाडहून, येवल्याहून, जुन्नरहून, पार सातपुड्याच्या पायथ्यापासून. विचारणारे बदलतात, प्रश्न बदलत नाही : "सेरामाच्या चार जोड्या आहेत, रात्री बल्ब किती वॅटचा लावू?" गेली काही वर्षे या प्रश्नाला आम्ही फोनवरच तुटपुंजी उत्तरे देत आलो. हौशी कोंबडीपालन आता चार-दोन बंगल्यांपुरते उरलेले नाही. द्राक्षबागेच्या कडेला, गच्चीवर, गोठ्याच्या आडोशाला सेरामा, चाबो, कोचीन बँटम, सेब्राईट दिसू लागले आहेत आणि त्यांतल्या अनेकांची पहिली खरी परीक्षा डिसेंबर-जानेवारीत होते. म्हणून यंदा हे पान बल्बच्या प्रश्नासाठी ठेवले आहे.

सुरुवात पक्ष्यापासून करू. 'बँटम' हे नाव जावा बेटावरच्या बांतेन बंदरावरून आले. तिथून जहाजांनी छोट्या कोंबड्या युरोपात नेल्या आणि पुढे प्रत्येक लहान जातीला तेच नाव पडले. सेरामाही तसाच उष्ण प्रदेशातला. मलेशियातील केलांतान राज्यात वी यीन ईन यांनी 1971 पासून तो घडवला आणि थाई राजांच्या 'रामा' या बिरुदावरून त्याचे नाव ठेवले. केलांतान विषुववृत्तापासून अवघ्या सहा अंशांवर आहे. तिथल्या सखल भागात रात्रीसुद्धा पारा विशीखाली सहसा उतरत नाही. अर्धा किलोही न भरणारा हा पक्षी 2001 मध्ये अमेरिकेत पोहोचला आणि थंड देशांतल्या पालकांना पहिल्याच हिवाळ्यात कळले की याला घरात घ्यावे लागते. तिथले अनुभवी पालक पारा चार-पाच अंशांवर आला की सेरामा बाहेर ठेवत नाहीत. आपल्याकडे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात थंडीच्या लाटेत तेवढ्याच तापमानाची नोंद होते. डाब आणि तोरणमाळला तर दवबिंदू गोठतात. म्हणजे महाराष्ट्रातला पालक या बाबतीत निर्धास्त राहू शकत नाही.

पक्षी लहान असल्याने नेमके काय बिघडते? कोंबडीच्या शरीराचे तापमान एक्केचाळीस अंशांच्या वर असते, मग ती चार किलोची असो की चारशे ग्रॅमची. आकार निम्मा झाला की अंगाचा पृष्ठभाग चौथाई होतो, वजन मात्र आठव्या हिश्शावर येते. वजनाच्या मानाने लहान पक्ष्याचे अंग फार उघडे असते, त्यातून उष्णता सतत निसटते. ती भरून काढायला त्याला वजनाच्या मानाने जास्त खावे लागते आणि नेमकी त्याची अन्नपिशवी इवलीशी. आपल्या अक्षांशावर डिसेंबरातली रात्र तेरा तासांची असते. पाच-साडेपाचला फळीवर चढलेला पक्षी सकाळी सात वाजता खाली उतरतो. एवढा वेळ तो संध्याकाळच्या चार चिमटी दाण्यांवर काढतो. पारा सर्वांत खाली जातो तो मध्यरात्री नव्हे, सूर्योदयाच्या आसपास. त्या वेळी अन्नपिशवी रिकामी झालेली असते. सकाळी खुराड्यात मेलेला सेरामा सापडला की आपण म्हणतो, गारठ्याने गेला. बऱ्याचदा तो उपाशी पोटी गारठलेला असतो.

हे ध्यानात घेतले की उपाय आपोआप बदलतात. बल्ब हवाच असेल तर तो उष्णतेसाठी नको, उजेडासाठी घ्या. सात-नऊ वॅटचा साधा एलईडी दिवा पहाटे पाचला लावा आणि दाणा-पाणी समोर ठेवा. सर्वांत गार दोन तासांत पक्षी खात राहील. दिवा सकाळच्या बाजूने वाढवण्यात आणखी एक सोय आहे. संध्याकाळी दिवा अचानक विझला तर पक्षी जमिनीवरच अडकतो, चाचपडतो. सकाळी तसे होत नाही. दिवस असा हळूहळू चौदा तासांवर नेला तर अंड्यांचा खंडही कमी पडतो. संध्याकाळी, फळीवर चढण्याआधी अर्धा तास, अख्खा दाणा द्या. अख्खा दाणा अन्नपिशवीत भुकटीपेक्षा जास्त वेळ टिकतो. बँटमच्या चोचीला मका मोठा पडतो, बाजरी मात्र बरोबर मापाची. थंडीत आपल्या ताटात बाजरीची भाकरी येते तशी त्यांच्याही भांड्यात येऊ द्या. पण ती संध्याकाळपुरतीच. दिवसभराचा आहार सोळा-अठरा टक्के प्रथिनांच्या ब्रीडर खाद्याचाच हवा. नुसत्या बाजरीवर ठेवलेल्या माद्या पिसे धरत नाहीत. सेरामाची पिसे तर एकदम न गळता वर्षभर थोडीथोडी गळत राहतात, त्यामुळे प्रथिनांची गरज त्याला हिवाळ्यातही असते.

आता खुराडे. थंडी सुरू झाली की आपला पहिला हात ताडपत्रीकडे जातो. चारही बाजूंनी ताडपत्री, तिच्यावर गोणपाट, फटींत चिंध्या. रात्री आत गेलो की उबदार वाटते आणि पालक समाधानाने झोपतो. सकाळी पत्र्याच्या खालच्या बाजूला बोट फिरवून बघा. ओले लागले, थेंब टपकले, तर तो दमटपणा रात्रभर पक्ष्यांच्या अंगावर बसला आहे. ओली पिसे ऊब धरत नाहीत. ओल्या गादीतून अमोनिया उठतो, डोळे चुरचुरतात, श्वासनलिका सोलवटते आणि पंधरा दिवसांत 'सीआरडी' या श्वसनरोगाची घरघर सुरू होते. मग प्रतिजैविकांवर पैसे जातात आणि दोष थंडीला लागतो.

हा धडा थंड देशांनी फार आधी घेतला. अमेरिकेत प्रिन्स वुड्स यांनी 1924 मध्ये मोकळ्या हवेच्या खुराड्यांवर अख्खे पुस्तक लिहिले. पुढून उघडे, मागून आणि बाजूंनी बंद असे त्यांचे खुराडे बर्फाच्या प्रदेशातही चालले, कारण पक्षी बसतात तिथे वारा पोहोचत नसे आणि दमट हवा बाहेर निघून जाई. तुरा हिमदंशाने काळा पडतो त्यालाही कोरड्या थंडीपेक्षा दमट थंडी जास्त जबाबदार असते. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये ओका येथील मठात ब्रदर विल्फ्रिड शातलें यांनी 1908 पासून शांतक्लेर ही जात घडवली, तिचा तुरा बेताचा, गादीसारखा बसका ठेवला, तोही हिमदंश टाळण्यासाठीच. आपल्याकडे तुरा गोठण्याची वेळ क्वचित येते, पण वारा आणि हवा यांतला फरक तोच आहे. पक्ष्याच्या उंचीला फट नको. छपराखाली मात्र वीतभर जागा सगळ्या बाजूंनी रात्रभर उघडी हवी. गादी सहा इंच जाड ठेवा, भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा. मूठभर घेऊन दाबा. गोळा होऊन राहिला तर ती बदलायला आली, मूठ उघडताच सुटला तर ठीक. चाबो पाळणाऱ्यांनी ही परीक्षा रोज करावी. त्याचे पाय इतके आखूड की छाती जवळजवळ गादीला टेकते आणि पंखांची टोके ओलीत घासतात.

मोठ्या खोलीत चार सेरामा ठेवून खोली गरम करण्यापेक्षा झोपायची जागा लहान करा. आपल्या आज्या कोंबडीवर डालगे पालथे घालून वर गोणपाट टाकायच्या. त्यात तेच शहाणपण होते. खुराड्याच्या आत तीन-चार पक्षी अंगाला अंग लावून बसतील एवढी लाकडी पेटी ठेवा, पुढचा वरचा भाग उघडा. पेटीत फळी असेल तर ती चपटी, दोन बोटांपेक्षा रुंद घ्या. पक्षी बसला की बोटे पोटाच्या पिसांखाली झाकली गेली पाहिजेत. गोल काठीवर बोटांची टोके उघडी राहतात.

शेगडीबद्दल मला स्वतःच्या चुकीतून बोलायचे आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी, लोडशेडिंगच्या काळात, पिल्लांच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून मी दार लावून घेतले. पहाटे उघडले तेव्हा चौदा पिल्ले शेगडीभोवती पसरलेली होती. एकही जळलेले नव्हते, एकही गारठलेले नव्हते. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडने, ज्याला रंग ना वास, त्यांना झोपेतच नेले. शेगडी बंद जागेत कधीच ठेवू नका. द्राक्षबागेत धूर करून ऊब धरतात त्या रात्री वाऱ्याची दिशा बघून खुराड्याचा पडदा त्या बाजूने लावा. पक्ष्यांची फुप्फुसे आणि हवेच्या पिशव्या धूर सोसत नाहीत. अडीचशे वॅटचे लाल दिवे पिल्लांना लागतात, पण ते दोरीवर न लटकवता साखळीने बांधा. भुशात पडलेल्या दिव्याने खुराडी पेटतात. मोठ्या पक्ष्यांना मात्र रात्रभराच्या उष्णतेची सवय लावू नका. दिव्याखाली राहिलेला पक्षी थंडीसाठी पिसे दाट करत नाही आणि ज्या पहाटे वीज जाते त्या पहाटे तोच आधी जातो.

यापुढचा भाग पैदास करणाऱ्यांसाठी आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या बाजारात सेरामाचा भाव वजनकाट्यावर ठरू लागला आहे. जितका हलका तितका महाग. म्हणून पालक सर्वांत लहान नराला सर्वांत लहान मादी देतात. तीनशे ग्रॅमच्या आतल्या मादीला थंडीत अंडे अडकण्याचा धोका मोठा असतो. तिची अंडी कमी फळतात, फुटलेली पिल्ले अशक्त निघतात. दोन्ही आई-बाप लहान असले तरी सगळी पिल्ले लहान निघत नाहीत, या जातीत एकाच घाण्यातल्या पिल्लांच्या आकारात मोठा फरक पडतो. म्हणून मलेशियापासून अमेरिकेपर्यंत जाणते पालक नर लहान घेतात आणि मादी अंगाने भरलेली, रुंद पाठीची, चारशे ग्रॅमच्या वरची निवडतात. आपण हाच नियम धरावा. नोव्हेंबरात प्रत्येक मादीचे वजन वहीत लिहा, फेब्रुवारीत पुन्हा लिहा. हिवाळ्यात वजन टिकवून अंडी देत राहिलेली मादी कळपाची खरी आई. तिला विकू नका, कितीही भाव आला तरी.

उलट्या पिसांच्या जोड्या हा दुसरा विषय. उलट्या पिसांच्या नराला तशीच मादी दिली तर सरासरी चौथ्या हिश्शाच्या पिल्लांची पिसे दोऱ्यासारखी ठिसूळ निघतात आणि तुटून अंग उघडे पडते. 1930 च्या दशकात कनेक्टिकटमधील स्टॉर्स येथे वाल्टर लांडाउअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पक्ष्यांचा अभ्यास केला. उष्णता टिकवण्यासाठी त्यांचे शरीर अहोरात्र जास्त जळत राहते आणि हृदयही मोठे होते, असे त्यांना आढळले. अशी पिल्ले हिवाळ्यात जन्माला घालणे मला क्रूरपणाचे वाटते. उलट्या पिसांना नेहमी सरळ पिसांचा जोडीदार द्या. चाबोच्या बाबतीत हिशेब वेगळा. आखूड पायाच्या नराला आखूड पायाची मादी दिली की सरासरी चौथा हिस्सा पिल्ले अंड्यातच मरतात, कारण तोच जनुक दोन्हीकडून आला तर जीव टिकत नाही. ही मर दरवर्षी इनक्युबेटरच्या आणि थंडीच्या माथी मारली जाते. एक जोडीदार लांब पायाचा घ्या, अंड्यातली ती मर थांबेल आणि निम्मी पिल्ले तरीही आखूड पायाची मिळतील.

हिवाळ्यात उबवणी करायचीच असेल तर अंडी दिवसातून तीनदा गोळा करा, तेरा ते अठरा अंशांवर ठेवा आणि आठवड्याच्या आत लावा. गार अंडे थेट मशीनमध्ये ठेवले तर त्यावर घाम सुटतो आणि त्या ओलीतून जंतू कवचाआड शिरतात. आधी काही तास खोलीत राहू द्या. सेरामाची अंडी एकोणिसाव्या दिवशीच फुटू लागतात, म्हणून फिरवणे सोळाव्या दिवशी थांबवा. पिल्लू अंड्याच्या साधारण दोन-तृतीयांश वजनाचे निघते, म्हणजे पंचवीस ग्रॅमच्या अंड्यातून सतरा ग्रॅमच्या आसपास. ब्रॉयलरचे पिल्लू चाळीस ग्रॅमचे असते. पहिला आठवडा पस्तीस अंश, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी, हा ठरलेला हिशेब सेरामाला घाईचा होतो. प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन दिवस जास्त द्या आणि थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे पाहा. गोळा होऊन चिवचिवली तर ऊब कमी, कडेला पसरून चोच उघडली तर जास्त. पाण्याच्या भांड्यात गोट्या टाका, इतकी लहान पिल्ले बोटभर पाण्यातही बुडतात.

खुडूक देशी कोंबडी दारात असेल तर मशीन बंद ठेवा आणि तिलाच रवणीवर बसवा. तिच्या पंखाखाली सेरामाची आठ-दहा अंडी सहज मावतात आणि लोडशेडिंगची काळजी नाही. तिचे वजन मात्र भारी नको, पातळ कवचाची अंडी तिच्या पायाखाली फुटतात.

शेवटचे बोलणे विक्रीबद्दल. डिसेंबर-जानेवारीत खाजगी बसच्या टपावरून, पुठ्ठ्याच्या खोक्यात, तीन-तीन आठवड्यांची पिल्ले पुण्याहून नागपूरला जातात. अर्धी पोहोचतात, उरलेल्यांचे फोटो परत येतात आणि भांडण होते. हाच काळ बर्ड फ्लूचाही आहे. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला उद्रेक झाला आणि लाखो पक्षी मारावे लागले, हे आपल्या व्यवसायात कोणी विसरलेले नाही. नवा पक्षी आला की तीन आठवडे वेगळा ठेवा, त्याचे भांडे वेगळे, त्याच्याकडे जाण्याची वेळ शेवटची. आणि विक्रेत्यांना या मासिकाची हात जोडून विनंती आहे : पिसे पूर्ण न भरलेले, आठ आठवड्यांखालचे एकही पिल्लू रथसप्तमी होईपर्यंत प्रवासाला पाठवू नका. ग्राहक कितीही घाई करो, त्याला सांगा, फेब्रुवारीत ये आणि हाताने घेऊन जा.