पॅच रिलीज झाला, पण तिवशापर्यंत पोचला का?

गाडीच्या कंपनीने 'रिकॉल' जाहीर केला की पेपरात एक चौकोनी बातमी येते. अमुक लाख गाड्या, तमुक भागात दोष, दुरुस्ती मोफत. आपण वाचतो, 'आपली गाडी नाही ना?' एवढं बघतो आणि पान उलटतो. दुसऱ्या दिवशी कंपनीही पान उलटते. मला आज बोलायचंय ते त्याच्या पुढच्या गोष्टीबद्दल. जाहीर झालेल्या रिकॉलपैकी प्रत्यक्ष स्पॅनर लागलेल्या गाड्या किती?

सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आपण पॅच रिलीज करतो तेव्हा एकही मशीन सुरक्षित झालेलं नसतं. ज्या मशीनवर तो इन्स्टॉल झाला तेवढंच सुरक्षित. रिलीजच्या ईमेलवर तिकीट क्लोज करणारा माणूस आपल्या टीममध्ये असला तर आपण त्याला स्टॅंड-अपमध्ये सोलून काढू. गाड्यांच्या दुनियेत मात्र हे राजरोस चालतं.

एक उदाहरण घेऊ. ३ सप्टेंबर २०२१. पोळा तोंडावर आलेला, पाऊस चालू. मारुती सुझुकीने १ लाख ८१ हजार ७५४ पेट्रोल गाड्या परत बोलावल्या. सियाझ, अर्टिगा, व्हिटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल-सिक्स. या गाड्या ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० या काळात बनलेल्या आणि तपासायचा भाग होता मोटर जनरेटर युनिट. पण भाग बदलायला सुरुवात होणार नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात! तोवर ग्राहकांनी काय करायचं? तर पाणी साचलेल्या रस्त्यांवरून गाडी नेऊ नये आणि विजेच्या भागांवर थेट पाणी मारू नये, अशी विनंती.

कंपनीने दोष लपवला नाही, स्वतःहून सांगितला. हे चांगलंच झालं आणि त्याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रात 'पाणी साचलेल्या रस्त्यावरून जाऊ नका' हा सल्ला पाळायचा कसा? पुण्यात एक वेळ कॅब बोलावता येते. तिवशाला घरापासून हायवेपर्यंत यायचं तरी मधे डबकं आहेच.

रिकॉल आणि दुरुस्ती यांच्यामधला हा जो काळ आहे ना, त्याचा धनी कोण, हे कुठेच लिहिलेलं नसतं. दोषी भाग बनवायला, तपासायला, देशभर पाठवायला वेळ लागतो हे मान्य. टोयोटाने मे २०२४ मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख २ हजार टुंड्रा आणि लेक्सस गाड्या परत बोलावल्या, कारण कारखान्यातला धातूचा चुरा इंजिनात राहिला असण्याची शक्यता होती. एवढी इंजिनं काही एका रात्रीत तयार होत नाहीत. पण वेळ लागणं वेगळं, आणि त्या वेळेतली सगळी जोखीम गाडीवाल्याच्या गळ्यात घालणं वेगळं.

आता जरा आमच्या गावाकडे या. तिवसा म्हणजे अमरावती-नागपूर हायवेवरचं तालुक्याचं गाव. अमरावती चाळीसेक किलोमीटर, नागपूर शंभराच्या वर. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजात गेला असाल तर तिवसा तुम्ही पाहिलंय, फक्त थांबला नसाल. इथे अधूनमधून एमएच १२ नाहीतर एमएच १४ नंबरची गाडी दिसते, ती पुण्याहून पाहुणे आलेत म्हणून असेलच असं नाही. पुण्यात पाच-सात वर्षं हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये उभी राहून दमलेली गाडी रिटायर होऊन इकडे येते. पुन्हा दहा वर्षं काम करायला.

माझ्या चुलत भावाने, म्हणजे आमच्या भाऊने, तशीच एक घेतली. तिसरा मालक. मला चेसिस नंबर दिसला की तो कंपनीच्या साइटवर टाकून बघायची खोड आहे. टाकला, तर उत्तर आलं की ही गाडी रिकॉलमध्ये आहे आणि दुरुस्ती बाकी आहे. (कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाहीये, मुद्दा एका कंपनीचा नाही.) दोष इंधनाच्या यंत्रणेतला, म्हणजे चालत्या गाडीत इंजिन बंद पडू शकतं. हायवेवर ट्रकच्या पुढे असताना इंजिन बंद पडणं म्हणजे काय, ते सांगायला नको.

भाऊ म्हणाला, "अबे, माया फोनवर त काईच नाई आलं. आन् कंपनीले काय मालूम, गाडी आता तिवशात हाय म्हणून?"

शंभर टक्के बरोबर! मेसेज गेलाच असेल तर पहिल्या मालकाच्या नंबरवर गेला असणार. तो बिचारा केव्हाच दुसरी गाडी घेऊन मोकळा झालेला. कंपनीच्या हिशेबात 'ग्राहकाला कळवले' यावर टिकमार्क पडला आणि ज्याचे आईवडील त्या गाडीत बसतात त्याला पत्ता नाही.

मग अमरावतीला फोन. 'पार्ट मागवावा लागेल, आला की कळवतो.' पुढचे तीन महिने भाऊच त्यांना कळवत होता की पार्ट आलेला नाही. एकदा 'घेऊन या' म्हणाले म्हणून गेला, तर पार्ट दुसऱ्याच मॉडेलचा. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर आणि ऐन संत्र्याच्या हंगामातला एक दिवस बुडाला. 'तोवर गाडी चालवू का?' या प्रश्नाला उत्तर मिळालं, 'चालवा की, फक्त जपून.' इंजिन कधी बंद पडेल हे माहीत नसलेली गाडी जपून कशी चालवतात, हे मला कुणीतरी शिकवा. शेवटी काम झालं, तासाभरात झालं आणि मोफतही झालं. एका तासाच्या कामासाठी तीन महिने!

यावर एक नेहमीचा युक्तिवाद असतो की लोकच बेफिकीर असतात, बोलावलं तरी येत नाहीत. थोडं खरं आहे. पण तिवशातला माणूस गाडी चौकातल्या मिस्त्रीकडे नेतो, कारण मिस्त्री ओळखीचा आहे, स्वस्त आहे आणि आजच्या आज गाडी देतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या नोंदीतून गाडी तिथेच गळते. एकदा गळाली की ती आहे की भंगारात गेली, हेही कंपनीला ठाऊक नसतं.

कायदा काय म्हणतो? आपल्याकडे बरीच वर्षं रिकॉलचा कायदाच नव्हता. 'रिकॉल' हा शब्दच जणू अपशकुनी. नॅनोला आगी लागल्याच्या घटनांनंतर नोव्हेंबर २०१० मध्ये टाटा मोटर्सने गाड्यांमध्ये मोफत जादा संरक्षण बसवून द्यायचं ठरवलं, पण याला रिकॉल म्हणू नका, असंही सांगितलं. जुलै २०१२ मध्ये वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेने स्वेच्छेची आचारसंहिता आणली. पुढच्याच वर्षी, जुलै २०१३ मध्ये, जनरल मोटर्सने २००५ ते २०१३ मधल्या सुमारे १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या. प्रकरण इंजिनाच्या धुराचं होतं आणि काही कर्मचाऱ्यांनी तपासणीत गडबड केल्याचं कंपनीनेच कबूल केलं. टवेरा म्हणजे आमच्याकडे लग्नाच्या वऱ्हाडापासून पेशंटला नागपूरला नेण्यापर्यंत सगळ्या कामाची गाडी. पण त्या लाखभर गाड्यांपैकी किती दुरुस्त झाल्या, हे लोकांना सांगण्याचं कायद्याचं बंधन तेव्हा कुणावरच नव्हतं. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतात गाड्या विकणंच बंद केलं.

२०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ११०-ए आलं. सरकारला रिकॉलचा आदेश देता येतो. १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले, दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. कंपनीने स्वतःहून दोष सांगून गाड्या परत बोलावल्या तर दंड नाही, हेही योग्यच, नाहीतर कुणी तोंडच उघडणार नाही. पण या नियमांत एक मेख आहे. सक्तीचा रिकॉल सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. म्हणजे ज्या वयात गाडी पुणे-मुंबई सोडून तिवसा, दर्यापूर, मूर्तिजापूर गाठते, बरोब्बर त्याच वयात कायदा तिच्यावरची नजर काढतो. आणि सगळी मोजदाद 'किती बोलावल्या' याची. 'किती दुरुस्त झाल्या' हा आकडा साध्या माणसाला दिसेल असा कुठे नाही.

नवी गाडी असली की हेच किती सोपं जातं बघा. जुलै २०२१ मध्ये महिंद्राने नाशिकच्या कारखान्यातल्या सहाशेहून कमी डिझेल गाड्या परत बोलावल्या. कारखान्यात आलेलं इंधन दूषित असल्याचा संशय होता आणि गाड्या २१ जून ते २ जुलै या काळातल्या होत्या. गाड्या मोजक्या, सगळ्या नव्या, मालक कोण ते माहीत. पण ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच कंपनीने इंजिनाजवळची वायरिंग घासली जाण्याच्या शक्यतेमुळे १ लाख ८ हजार ३०६ एक्सयूव्ही-सेव्हन-हंड्रेड तपासायला घेतल्या. त्यातली जी तपासायची राहून गेली असेल ती उद्या दुसऱ्या-तिसऱ्या हाताने आमच्याकडे येईल, तेव्हा तिच्या नव्या मालकाला कोण सांगणार?

अमेरिकेत सगळं आलबेल आहे असं नाही. जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचा दोष कंपनीतल्या काही लोकांना सुमारे दहा वर्षं माहीत होता. २०१४ मध्ये रिकॉल झाला तेव्हा कंपनीच्याच भरपाई निधीने पुढे १२४ मृत्यू मान्य केले. तिथेही स्विच मिळेपर्यंत मालकांना सांगितलं होतं की किल्लीच्या जुडग्यात दुसरं काही ठेवू नका. पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, पत्र जातं ते नोंदणीतल्या आजच्या मालकाला, पहिल्या खरेदीदाराला नाही. दोन, किती गाड्या दुरुस्त झाल्या याचा तिमाही अहवाल कंपनीला सरकारकडे द्यावा लागतो.

आपल्याला हे जमणार नाही का? अहो, आपल्याकडे तर डेटाबेस तयार आहे! 'वाहन' प्रणालीत चेसिस नंबर आहे, आजच्या मालकाचं नाव आहे, बहुतेकदा मोबाईलही आहे. सिग्नल तोडला तर चलन थेट भाऊच्या फोनवर येतं, पुण्यातल्या पहिल्या मालकाकडे जात नाही. २०२५ मध्ये एप्रिल २०१९ च्या आधीच्या प्रत्येक गाडीला नवी नंबरप्लेट लावायला राज्याने सगळ्या महाराष्ट्राला कामाला लावलं. मुदती वाढत गेल्या, पण निरोप गल्लीबोळात पोचला. म्हणजे सरकारला जुन्या गाडीपर्यंत पोचता येत नाही, हे काही खरं नाही.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. रिकॉलमधल्या चेसिस नंबरांची यादी कंपनीने 'वाहन'मध्ये भरावी आणि दुरुस्ती झाली की नोंद करावी. मेसेज आजच्या मालकाला जावा, मराठीत जावा. पीयूसी काढताना आणि फॉर्म २९-३० भरून मालकी बदलताना 'रिकॉल बाकी' असं ठळक दिसावं. गाडी अडवायची नाही, फक्त सांगायचं. पार्ट ठरलेल्या दिवसांत आला नाही तर पर्यायी गाडी किंवा भाडं कंपनीने द्यावं. आणि दर तिमाहीला जिल्हावार आकडा जाहीर व्हावा. अमरावती जिल्ह्यात इतक्या बोलावल्या, इतक्या झाल्या. आकडा दिसायला लागला की पार्टही वेळेवर यायला लागतात, हा आपल्या डॅशबोर्डवाल्या धंद्यातला अनुभव आहे.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात दहा मिनिटांचं काम आहे. आरसी बुकावरचा चेसिस नंबर घ्या आणि कंपनीच्या साइटवरच्या रिकॉलच्या पानावर टाका. स्वतःच्या गाडीचा तर टाकाच, पण गावाकडे काकांनी, मामांनी, साडूने जी जुनी गाडी घेतलीय तिचाही टाका. त्यांना तो मेसेज आलेला नसणार. रिकॉल निघाला तर सर्व्हिस सेंटरला फोनसोबत लेखीही कळवा आणि तारीख मागा. तीन-तीनदा फेऱ्या मारायला लावल्या तर जिल्हा ग्राहक आयोग अमरावतीतही आहे, अकोल्यातही आहे. आणि तुम्ही स्वतः जुनी गाडी विकत असाल तर रिकॉलचं काम आधी उरकून द्या. ती कुणाच्या अंगणात जाऊन उभी राहणार आहे, तुम्हाला माहीत नाही. पण कुणीतरी तिच्यात लेकराबाळांना बसवून हायवेला लागणार आहे, हे नक्की.